प्रश्न सायकलीचा, परीक्षा बोलण्याची

तुम्ही सायकल चालवितां का? हा प्रश्न पुण्यांत वाढलेल्या मुलीला कठीण जाईल, असें कोणास वाटणार नाहीं. ‘सायकलींचें शहर’ ही त्या गांवाची जुनी ख्याति. पण आयेल्ट्स परीक्षेच्या खोलींत तोच प्रश्न इंग्रजींत आला, कीं ती ‘यस, आय डू’ एवढें म्हणून गप्प बसते. उत्तर खरें, व्याकरणहि निर्दोष. आणि तरीहि परीक्षकाच्या पदरीं कांहींच पडत नाहीं. परदेशीं शिकावयास निघालेल्यांचा प्रवेश अर्ध्या गुणानें हुकतो, त्याचें मूळ कित्येकदां अशा तोकड्या उत्तरांत असतें.

ही परीक्षा १९८९ पासून ह्या नांवानें चालू आहे. तिचा संभाषणाचा भाग ११ ते १४ मिनिटांचा असून पहिलीं ४-५ मिनिटें घर, काम, आवडीनिवडी अशा ओळखीच्या विषयांवर जातात. सायकल त्यांतलीच. गुण पहावयाचे ते चार अंगांनीं: ओघ व सुसंगति, शब्दसंपत्ति, व्याकरण आणि उच्चार. चारींचा वांटा सारखा. सायकलीच्या ज्ञानाला गुण नाहींत! सायकल हें केवळ निमित्त आहे, आणि तीन शब्दांत ह्या चारांपैकीं कांहींच दिसूं शकत नाहीं.

मुलें तोकडें बोलतात तें अज्ञानामुळेंच असें नाहीं. वडीलधाऱ्यांनीं विचारलें तेवढेंच सांगावें, हें वळण घरांत लागतें. ‘एका वाक्यांत उत्तरें लिहा’ ही संवय शाळेंत. दोन्ही आपापल्या जागीं योग्य असतील, पण येथें नडतात.

उत्तर वाढवावयाचें म्हणजे पाल्हाळ लावावयाचा असें नव्हे. ‘कां?’, ‘केव्हां?’ आणि ‘एकदां काय झालें?’ हे प्रश्न मुलीनें मनांत स्वतःसच विचारावे. मग ती सांगेल: हो, जवळजवळ रोज, कारण कॉलेज जवळ आहे आणि बसची वाट पहावी लागत नाहीं. पावसाळ्यांत मात्र नेत नाहीं, ओल्या रस्त्यावर एकदां घसरलें होतें. एवढ्यांत कारण आलें, अपवाद आला, वर्तमानकाळ आला नि भूतकाळहि आला. दोन ते चार वाक्यें पुरेशीं होतात. परीक्षकानें मध्येंच थांबवून पुढचा प्रश्न विचारला तर त्यांत वाईट वाटून घेण्यासारखें कांहीं नाहीं. त्याला वेळ सांभाळावयाचा असतो.

शब्दांच्या बाबतींत थोडी सावधगिरी हवी. इंग्रजींत सायकल ‘ड्राइव्ह’ करीत नाहींत, ‘राइड’ करतात. ‘डबलसीट’ आपल्या रस्त्यावर इंग्रजी वाटतें, पण मागें कोणाला बसवून नेलें हें त्या शब्दानें इंग्रजी कानाला कळणार नाहीं. दहा वर्षांची संवय सांगतांना ‘सिन्स टेन इयर्स’ ही चूक तर घरोघरची. तेथें ‘आय हॅव बीन सायक्लिंग फॉर टेन इयर्स’ असें हवें. उलट, उंच सायकलीच्या दांडीखालून पाय घालून शिकल्याची गोष्ट सांगावयाची असेल व शब्द सुचत नसेल, तर ती कृति सोप्या इंग्रजींत वर्णन करावी. अडलेल्या शब्दाला असा वळसा घालतां येणें हाहि शब्दसंपत्तीचाच भाग मानला जातो.

एक गोष्ट मात्र टाळावी, ती म्हणजे पाठ केलेला निबंध. त्याचा सूर परीक्षकाला ओळखूं येतो आणि गुण वाढण्याऐवजीं घटतात. दुसऱ्या भागांत तयारीला एक मिनिट मिळून दोन मिनिटांपर्यंत सलग बोलावयाचें असतें. तेथेंहि स्वतःची आठवणच कामास येते.

सायकल मुळींच येत नसली तरी बिघडत नाहीं. ‘नाहीं; लहानपणीं उतारावर पडून गुडघा फुटला, तेव्हांपासून हात लावला नाहीं; धाकटा भाऊ मात्र तीच सायकल अजून चालवितो’, हें उत्तर इंग्रजींत नीट सांगितलें, तर तें ‘हो’इतकेंच चालतें.