रात्री पाणी द्यायला जाताय? थंडी-वाऱ्यात अंगात कोणते कापड हवे, समजून घ्या

जालना जिल्ह्यात रब्बीच्या गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला अनेकांना रात्री निघावे लागते. शेतीपंपाची वीज पाळीने रात्री येते. दोन सुती शर्ट, वर जाड स्वेटर आणि दुचाकी. तरीही हुडहुडी भरते. का?

वारा काय करतो?
अंगाजवळची गरम हवा वारा उडवून नेतो. तापमान 10 अंश असताना ताशी 40 किमी वेगाने दुचाकी चालवली, तर थंडी 6 अंशांइतकी जाणवते. सैल विणीच्या स्वेटरमधून वारा आरपार जातो.

कोणता थर कशाचा?
• आत : पॉलिस्टर किंवा लोकरमिश्रित थर्मल. सुती बनियन घाम धरून ठेवते आणि पाणी हवेच्या सुमारे 25 पट उष्णता वाहून नेते.
• मध्ये : लोकरी स्वेटर. वजनाच्या सुमारे 30 टक्के ओलावा शोषूनही लोकर ऊब देते.
• वर : घट्ट विणीचे नायलॉनचे विंडचीटर.

विंडचीटर नसेल तर?
घरातला रेनकोट स्वेटरवर घाला, वारा अडेल. मात्र दारे धरताना काढून ठेवा. नाहीतर घाम आतच साचतो.

ही चूक टाळा
विंडचीटर किंवा रेनकोट घालून शेकोटीजवळ बसू नका. ठिणगी पडली तर नायलॉन वितळून कातडीला चिकटते. शेकताना घोंगडी पांघरा. लोकर सहजासहजी पेट घेत नाही.