पहिला चीक

नाशिकच्या द्वारका चौकात पुणे रस्ता मुंबई-आग्रा महामार्गाला मिळतो. खेड्यापाड्यांतून शहरात येणाऱ्यांना हा चौक ठाऊकच आहे. गाय व्याली की वासराला आधी चीक पाजावा, हे या मंडळींना कोणी शिकवावे लागत नाही. मग सुनेचा चीक तेवढा ‘जड’ म्हणून पिळून का टाकायचा? आणि बाळाच्या जिभेला मध कशाला? वर्षाच्या आत तो घातकही ठरतो.

चीक चमचा-दोन चमचेच येतो. पहिल्या दिवशी बाळाचे पोटही तेवढेच असते. रोगाशी झुंजणारी द्रव्ये त्यातच दाट असतात. जन्मल्यावर तासाभरात बाळ उघड्या छातीशी घ्यावे. नुसते बोंड नव्हे, भोवतालचा काळा भागही तोंडात जावा, हनुवटी स्तनाला टेकावी. दुखत राहिले तर पकड चुकली समजा. करंगळीने सोडवून पुन्हा लावावे. दिवसरात्रीत आठ-बारा वेळा पाजावे. बाळ ओढील तसे दूध वाढते, पण भरून येते ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी. बाटली मागवणाऱ्या सासूबाईंनी तेवढी कळ काढावी!

बाळ अशक्त असून ओढत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावेच. चीक वाटीत पिळून चमच्याने पाजता येतो. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी उभारली, ती अशाच नाजूक बाळांसाठी.