वायफाय कधी पळतं, कधी रांगतं

कट्ट्यावरचं वायफाय तुम्ही बघितलंच आहे. सकाळी पळतं आणि संध्याकाळी नुसतं चाक फिरवत बसतं. मागच्या महिन्यात ताईच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी तिचा फोटोच जाईना. कट्ट्यावर पंधरा-वीस मोबाईल चालू होते. ताई रडकुंडीला आली. गुरुजी तिथून चालले होते. ते म्हणाले, "जेवणं झाल्यावर या, आणि वायफायच्या डब्याजवळ उभे राहा."

असं का, ते त्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं.

वर्ग शांत असला की गुरुजी शुद्धलेखन भराभर सांगतात. शेजारी तिसरीची पोरं पाढे ओरडायला लागली की एकेक शब्द सावकाश सांगतात, पुन्हा सांगतात. मग चुका होत नाहीत, पण तासात निम्मंच लिहून होतं. वायफायचंही तसंच. १९९९ साली निघालेल्या एका वायफायला चार वेग होते : सेकंदाला ११, साडेपाच, २ आणि १ मेगाबिट. मेगाबिट म्हणजे दहा लाख शून्य-एक. आताचे वेग लई जास्त आहेत, पण रीत तीच. माहितीचा तुकडा नीट पोचला की पलीकडून पोच येते. पोच नाही आली तर तोच तुकडा पुन्हा धाडायचा. पोच सारखी हुकली की यंत्र वेग उतरवतं.

पण खरी गंमत पुढंच आहे. लांबून आवाज बारीक येत असेल तर सावकाश बोलून फायदा होतो. दोघं एकदम बोलले तर? तेव्हा सावकाश बोललं की उलट घोटाळा वाढतो! बोलणं लांबतं, आणि तेवढ्यात तिसरा मध्ये घुसतो. तिथं पाळीपाळीनंच बोलावं लागतं. म्हणून वायफाय आधी कानोसा घेतं, हवा मोकळी झाली की थोडं थांबतं, मगच बोलतं. पोच लांबीमुळं हुकली की टक्कर झाल्यामुळं, हे यंत्राला लवकर कळत नाही. बिचारं कधीकधी उगीच हळू होतं.

शिवाय २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर वायफाय असतं, ब्लूटूथ असतं, आणि मायक्रोवेव्ह भट्टीचा गोंगाटही तिथंच. तसली भट्टी आमच्या आळीत कुणाकडं नाही.

त्या रात्री कट्टा रिकामा होता. मी बॅटरी धरली. ताई डब्याखाली उभी राहिली. मी आकडे मोजत होतो. वीस म्हणायच्या आत फोटो गेला, आणि साडेदहाला अर्ज.

– इयत्ता चौथी