होल्डन 48-215 : पहिलेपणाचा मान आणि खरा पराक्रम

29 नोव्हेंबर 1948 रोजी मेलबर्नच्या फिशरमन्स बेंड भागातल्या कारखान्यात पंतप्रधान बेन चिफली यांनी एक नवी मोटार लोकांसमोर आणली. चिफली राजकारणात येण्याआधी बाथर्स्टला रेल्वेचं इंजिन चालवत. देशात मोटारी घडाव्यात, हा ध्यास त्यांनी महायुद्ध संपण्याआधीच घेतला होता. गाडीचं नाव होल्डन आणि कारखान्याच्या कागदांवर तिची ओळख 48-215. ऑस्ट्रेलियात या गाडीवर लोकांचा इतका जीव आहे की तिच्याबद्दलच्या बऱ्याच गोष्टी कोणी तपासून पाहत नाही. त्यातल्या काही चुकीच्या आहेत, आणि त्या चुकांमुळे गाडीचं खरं मोठेपण झाकलं जातं.

सर्वांत पक्का समज म्हणजे ही ऑस्ट्रेलियात बनलेली पहिली मोटार. तशी ती अजिबात नव्हती. हर्बर्ट थॉमसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वाफेवर चालणारी गाडी बनवली आणि 1900 मध्ये ती बाथर्स्टपासून मेलबर्नपर्यंत चालवत नेली. त्यानंतर हार्ली टॅरंट यांनी मेलबर्नमध्ये पेट्रोलच्या गाड्या तयार केल्या. पहिल्या महायुद्धानंतर ‘ऑस्ट्रेलियन सिक्स’ नावाची गाडीही निघाली, पण तिचे बरेच भाग अमेरिकेतून येत आणि धंदा फार काळ तगला नाही. फोर्डचा जिलाँगचा कारखाना तर 1925 पासूनचा. 48-215 चं वेगळेपण संख्येत आहे. देशातच ओतलेल्या, कापलेल्या आणि जोडलेल्या भागांची, हजारोंनी निघणारी आणि बाजारात टिकणारी अशी ती पहिली गाडी. 1953 पर्यंत या मॉडेलच्या 1,20,402 गाड्या बाहेर पडल्या.

होल्डन हे नावही या गाडीबरोबर जन्मलेलं नाही. जेम्स अलेक्झांडर होल्डन यांनी 1856 मध्ये ॲडलेडला घोड्यांच्या खोगिरांचा धंदा सुरू केला. पुढच्या पिढ्यांनी मोटारींच्या गाद्या शिवायला घेतल्या, मग अख्ख्या बॉडी बांधायला सुरुवात केली. परदेशी चासीवर होल्डनची बॉडी, असा तो काळ होता. 1931 मध्ये ही कंपनी जनरल मोटर्सने घेतली. त्यामुळे ‘शंभर टक्के ऑस्ट्रेलियन कंपनी’ हा समजही टिकत नाही. नव्या गाडीला मात्र होल्डन हेच नाव मिळेल, असं सुरुवातीला ठरलेलं नव्हतं. कॅनबेरावरून बेतलेलं ‘कॅनब्रा’, तसंच ‘बूमरँग’, ‘एमू’, ‘मेल्बा’ अशी नावंही विचारात होती.

आता सगळ्यात वादाचा मुद्दा: गाडीचा आराखडा कोणाचा? अनेक ऑस्ट्रेलियन माणसांना मनापासून वाटतं की ही गाडी आपल्या रस्त्यांचा विचार करून आपल्याच लोकांनी कोऱ्या कागदावर आखली. कागद कोरा नव्हता. जनरल मोटर्सच्या मुख्यालयात, डेट्रॉईटमध्ये, आधी एका हलक्या शेव्हर्लेचं काम झालं होतं, पण अमेरिकन बाजाराला ती छोटी वाटल्याने ते फडताळात पडून राहिलं. होल्डन त्यातून निघाली. काम रसेल बेग या अमेरिकन अभियंत्याच्या देखरेखीखाली चाललं आणि पहिले तीन नमुने अमेरिकेतच बांधून 1946 च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात आणले गेले. त्यातला पहिला आज कॅनबेराच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे.

पण इथे थांबून गाडीला ‘उसनी’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ऑस्ट्रेलियन अभियंते डेट्रॉईटला जाऊन या कामात उतरले होते. वेगळी चासी नसलेली एकसंध बॉडी, 2.17 लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, तीन गिअर आणि जेमतेम एक टन वजन, असा तो मेळ होता. इंजिन साठ अश्वशक्तीचं. ब्रिटिश गाड्या स्वस्त, पण लांब चढावर धापा टाकत. अमेरिकन गाड्या दणकट, पण पेट्रोल फार पीत. मैलोन् मैल कच्च्या रस्त्यांच्या त्या देशाला या दोन्हींच्या मधलं काहीतरी हवं होतं आणि ते या गाडीने दिलं. राखाडी रंगामुळे ‘ग्रे मोटर’ म्हणून ओळखलं गेलेलं तिचं इंजिन सुधारणा होत होत 1963 पर्यंत होल्डनमध्ये बसत राहिलं.

‘होल्डनचे जनक’ म्हणून लॉरेन्स हार्टनेट यांचं नाव घेतात. ते 1934 पासून कंपनीचे प्रमुख होते, ऑस्ट्रेलियात गाडी बनवण्यासाठी त्यांनी वरिष्ठांशी चिकाटीने झुंज दिली, हे खरंच. पण त्यांना ऑस्ट्रेलियातच आखलेली गाडी हवी होती. डेट्रॉईटने ते मानलं नाही आणि गाडी लोकांसमोर येण्याआधीच ते कंपनीतून बाहेर पडले. पैशांचंही तसंच: अमेरिकेने खिसा उघडला नाही, भांडवल मुख्यतः ऑस्ट्रेलियातल्या बँकांच्या कर्जातून उभं राहिलं आणि त्यामागे चिफली सरकारचा पाठिंबा होता.

ती गोरगरिबांची गाडी होती, असंही म्हणतात. करांसह किंमत 733 पौंड, म्हणजे साधारण कामगाराची सुमारे 94 आठवड्यांची मजुरी. एवढ्या पैशात हीटर नाही, वळण्याचा इशारा देणारे दिवेही नाहीत. तरी गाडी डोळ्यांनी न पाहताच 18,000 लोकांनी आगाऊ पैसे भरले होते. उत्पादन सुरुवातीला दिवसाला जेमतेम दहा गाड्यांचं, त्यामुळे लोकांना खूप वाट पाहावी लागली.

‘एफएक्स’ हे नाव तर कंपनीने या गाडीला कधी दिलंच नाही. 1953 मध्ये पुढचं मॉडेल ‘एफजे’ आलं, तेव्हा आधीच्या गाडीसाठी मोटारवाल्यांनी ते रूढ केलं.

या गाडीचा खरा पराक्रम कशात आहे, हे आपल्या मुंबईकडे पाहिलं की जास्त उमगतं. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला कारखाना काढला होता. तिथे बाहेरून आलेले भाग जोडून गाड्या तयार होत. पन्नासच्या दशकात भारत सरकारने भाग इथेच बनवण्याचा आग्रह धरला, तेव्हा कंपनीने शिवडीचा गाशा गुंडाळला. त्याच वर्षांत, त्याच कंपनीच्या फिशरमन्स बेंडमध्ये सिलिंडर ब्लॉकवर काम होत होतं आणि ॲडलेडच्या वुडव्हिलमध्ये पत्रे साच्यांत दाबले जात होते. माझ्या मते आराखडा कुठल्या शहरात काढला यापेक्षा ही कौशल्यं देशात रुजली, हीच 48-215 ची कमाई. 1958 पर्यंत ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक होल्डन होत्या.

म्हणूनच होल्डन 2020 मध्ये संपली, हे म्हणणंही अर्धंच खरं. 2020 मध्ये संपलं ते नाव. गाडी घडवणं 20 ऑक्टोबर 2017 रोजीच थांबलं होतं, दक्षिण ऑस्ट्रेलियातला एलिझाबेथचा कारखाना बंद झाला तेव्हा. त्यानंतर शोरूममध्ये ‘कमोडोर’ या नव्या मॉडेलवर होल्डनचं सिंहाचं चिन्ह होतं, पण ती गाडी जर्मनीत बनलेली ओपेल होती.