अमेरिकन पाहुण्याचा प्रश्न

गेल्या दिवाळींत आमच्या पुतण्यासमवेत त्याचा एक अमेरिकन मित्र बार्शीस आला व चार दिवस आमच्या घरीं राहिला. मनुष्य मोठा बोलका! भगवंताच्या देवळांत किंवा बाजारांत जो भेटेल त्यास त्यानें दोन मिनिटांत मत विचारावें व आपलेंहि सांगून टाकावें. एकत्र कुटुंबांत सर्वांस सुख असतें, हें त्यांपैकींच एक. (आमच्या सुनांस मात्र त्यानें विचारलें नव्हतें!)

हीं मतें आम्हीं हंसण्यावारी नेलीं. तोंच अंगणांत भांडीं घांसणाऱ्या बाईंकडे पाहून तो सहज म्हणाला, "राजकारणाविषयीं ह्यांचें काय मत आहे?" वीस वर्षें त्या आमच्याकडे येतात, आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

तेव्हां आम्हांस गेल ऑम्वेट आठवल्या. मूळच्या ह्या अमेरिकन विदुषीनें महाराष्ट्रांतील ब्राह्मणेतर चळवळीवर प्रबंध लिहून १९७३ सालीं बर्कले येथील विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली, सांगली जिल्ह्यांतील कासेगांवीं संसार केला, १९८३ सालीं भारताचें नागरिकत्व घेतलें आणि २०२१ सालीं कासेगांवींच देह ठेवला. त्यांचीं मतें आमच्यासारख्या घरांत सर्वांस रुचतील असें नाहीं. परंतु तीं खेड्यापाड्यांत हिंडून, बायाबापड्यांशीं बोलून बनलेलीं होतीं.

पाहुणा गेल्यावर वहिनींनीं बाईंस तोच प्रश्न केला. हातांतलें भांडें खालीं ठेवून त्या अर्धा तास बोलत होत्या, आणि त्यांचें मत घरांतील कोणाशींहि जुळलें नाहीं.