भिंतीला आकाशी रंग देताय?

नवरात्र जवळ आलं की बारामती-इंदापूरकडे भांडीकुंडी अंगणात येतात आणि घराच्या रंगाचा विषय निघतो. पूर्वी त्यात ठरवायचं काही नसे. चुन्यात नीळ टाकायची, की झालं आकाशी घर! आता मात्र सूनबाई म्हणतात, "हा गरिबाघरचा रंग. पाहुणे काय म्हणतील? ऑइलपेंटच देऊ." भगिनींनो, पैसे मोजण्याआधी जरा थांबा.

आधी त्या 'गरिबाघरच्या' निळीविषयी. अजिंठ्याच्या चित्रांतला निळा रंग लाजवर्द नावाच्या दगडाचा. हा दगड दूर अफगाणिस्तानातून यायचा आणि फार महाग असायचा. १८२० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये तोच रंग कारखान्यात करण्याची युक्ती सापडली, म्हणून तर तो आपल्या कपड्यांच्या बादलीत आणि भिंतीवर आला. पाहुण्यांना खुशाल सांगा!

पण खरा प्रश्न आहे भिंतीचा. १८८५ साली निरा डावा कालवा सुरू झाला. या कमी पावसाच्या मुलखात ऊस आला, पैसा आला, आणि पाण्यामागून जमिनीत ओल नि खारही आला. कालव्याच्या अंगाला किंवा उसाच्या फडाला लागून ज्यांचं घर आहे, त्यांनी भिंतीच्या बुडाशी पांढरा खार फुटलेला पाहिलाच असेल. अशा भिंतीवर ऑइलपेंट दिला की ओल आत कोंडते आणि महागाच्या रंगाचे पोपडे सुटू लागतात. जुन्या मातीच्या भिंतींचं तर फारच नुकसान होतं. चुन्याने ओल बरी होत नाही, हे खरं. पण तिला बाहेर पडायला वाट राहते, आणि पुढच्या वर्षी थोड्या खर्चात दुसरा हात देता येतो.

खार फुटलेली भिंत पाण्याने धुऊ नये, खार पुन्हा आत मुरतो. कोरड्या ब्रशने झाडून काढावा. चुन्यात मूठभर मीठ टाकायची रीत पुष्कळ घरी आहे. अशा भिंतीसाठी ते टाळावं. पाणीही बोअरचं मचूळ नको, गोडं घ्यावं. चुन्याची कळी विरवताना ती पाण्यात हळूहळू सोडावी. पाणी उकळू लागतं, म्हणून प्लॅस्टिकची बादली नको, लोखंडी पिंप बरं. पोरांना मात्र तिथून हाकलावं. चुना डोळ्यांत गेला तर फार वाईट. विरलेला चुना फडक्यातून गाळून घ्यावा.

नीळ घ्यायची ती पुडीतली, पावडरीची. बाटलीतली पातळ नीळ कपड्यांना ठीक, भिंतीला नको. थोड्या पाण्यात कालवून, गाळून, मग चुन्यात घालावी. ओला रंग गडद दिसतो, वाळल्यावर बराच फिका पडतो. तेव्हा आधी कोपऱ्यात हातभर लावून दुसऱ्या दिवशी पाहावं. आणि एका खोलीचा रंग एकदमच कालवावा! दुसऱ्यांदा तीच छटा जमेल, या भरवशावर राहू नये. पहिला हात नुसत्या पांढऱ्याचा, तोही भिंतीवर पाणी शिंपडून, सकाळच्या वेळी. आपल्याकडच्या उन्हात चुना भराभर वाळला की त्याची भुकटी हाताला लागते. आधीचा ऑइलपेंट असेल तर तो खरवडल्याशिवाय चुना धरणारच नाही.

आता हा रंग कुठे द्यावा? ज्या खोलीत पश्चिमेचं ऊन येतं तिथे तो डोळ्यांना गार वाटतो. नुसता वाटतो, हं! खोली खरोखर गार करायची तर छताला बाहेरून पांढरा चुना द्यावा. अंधाऱ्या माजघरात मात्र आकाशी रंग राखेसारखा दिसतो आणि माणसांचे चेहरे आजारी वाटतात. तिथे पांढरा किंवा फिका पिवळा बरा. चुलीच्या खोलीत धुराने तो हिरवट-मळकट होतो. निळ्या भिंतीवर डास बसत नाहीत असंही कुणी सांगतं. त्या भरवशावर मच्छरदाणी काढून ठेवू नका.

मोरीशेजारची भिंत निळी असेल तर तिथे चिंच-लिंबाने तांब्या-पितळेची भांडी घासू नयेत. आंबट शिंतोड्यांनी नीळ उडते आणि पांढरे ठिपके पडतात. तेवढी भिंत खालून दोन हात गेरूने रंगवली तरी चालेल.