पडद्यावरची भीती (भाग 9) : मुंबईच्या समुद्रातला गोगोला

मागच्या आठवड्यात आपण जपानच्या ‘गोजिरा’पाशी थांबलो होतो. 1 मार्च 1954 रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली, 23 खलाशी आजारी पडले आणि त्यातला एक सप्टेंबरात दगावला. नोव्हेंबरात गोजिरा पडद्यावर आला. त्या राक्षसाच्या मागे खरं दुःख होतं.

अमेरिकेत याच भीतीवर कमी पैशांत भराभर चित्रपट निघाले. 1955 सालच्या ‘इट केम फ्रॉम बिनीथ द सी’मध्ये चाचणीमुळे चवताळलेला अजस्र ऑक्टोपस सॅन फ्रान्सिस्कोवर चालून येतो. त्याला आठ नाही, सहाच हात आहेत! हा ऑक्टोपस म्हणजे एक बाहुली होती, आणि ती हलवणाऱ्या रे हॅरीहाउसेन यांना तिचा एकेक हात केसभर सरकवून एकेक फ्रेम टिपावी लागे. पडद्यावरच्या एका सेकंदाला 24 फ्रेम. दोन हात वगळले, तेवढा वेळ आणि पैसा वाचला. पण गोल्डन गेट पुलाला त्याचा विळखा पडतो तेव्हा हात मोजायचं भान राहत नाही. मला या चित्रपटांची गोडी लागली ती इथेच. पैसा नाही म्हणून कुणी हात आखडता घेतलेला नाही. होतं तेवढ्यात जीव ओतला आहे.

आपल्याकडे हा राक्षस 1966 मध्ये आला. बलवंत दवे दिग्दर्शित ‘गोगोला’त आझाद आणि तबस्सुम होते, आणि समुद्रातून उठलेलं अक्राळविक्राळ जनावर थेट मुंबईवर चालून येत होतं. तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू होऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. चीनने 1964 मध्ये बॉम्ब फोडला होता. अणू हा शब्द आपल्याही घराघरांत पोचला होता. ‘गोगोला’च्या पुढच्याच वर्षी दारासिंग ‘चाँद पर चढाई’त चंद्रावर जाऊन लढले.

अशा चमत्कारांची वाट आपल्याकडे बाबूभाई मिस्त्रींनी आधीच घालून दिली होती. 1937 च्या ‘ख्वाब की दुनिया’त अदृश्य माणूस दाखवायचा होता. त्यांनी काळ्या पडद्यापुढे वस्तू काळ्या धाग्याने हलवल्या. धागा कॅमेऱ्याला दिसला नाही, वस्तू आपोआप चालू लागल्या, आणि बाबूभाईंचं नावच ‘काला धागा’ पडलं. धाग्याची करामत सोलापूरकरांना वेगळी सांगायला नको. चादरीवरचा मोर बघताना आपण सूत विसरतो, पण मागावर बसणाऱ्याला प्रत्येक धागा ठाऊक असतो. हे चित्रपट मी त्या मागवाल्याच्या नजरेने बघतो. गड्ड्याच्या जत्रेत पुठ्ठ्याचा राक्षस बघून आपण लहानपणी आईचा पदर घट्ट धरला, तेव्हा पुठ्ठा दिसत नव्हता का? दिसत होता, तरी पदर सुटला नाही.

आज ‘गोगोला’ची गाणी ऐकायला मिळतात, चित्रपट मात्र बघायला मिळत नाही. स्वस्तातल्या चित्रपटांच्या रिळांची कदर कुणी केली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून एक विनंती. टॉकीजबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका, पोस्टरं, काचेच्या स्लाइडी तुमच्या माळ्यावर किंवा आजोबांच्या ट्रंकेत असतील, तर त्या रद्दीत घालू नका. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 पासून हाच ठेवा जपत आलं आहे. त्यांना एकदा कळवा.